रेइनो लाहती आणि बिननावाची पाहुणी

पेल्तोला गावात कमी बोलणाऱ्या माणसांची टंचाई कधीच नव्हती. आमची निम्मी वस्ती फिनलंडहून आलेल्यांची. त्यांच्यातले दोन सख्खे भाऊ दिवसभर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत बसले आणि संध्याकाळी "बरं मग" एवढं म्हणून उठले, तर घरी गेल्यावर सांगतात की आज भावाशी पोटभर गप्पा झाल्या. अशा गावातसुद्धा रेइनो लाहती अबोल म्हणून ओळखला जायचा. म्हणजे बघा.

त्याच्या लग्नातली गोष्ट अजून सांगतात. पाद्रीबुवांनी विचारलं, "हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?" रेइनोनं मान हलवली. पाद्रीबुवा म्हणाले, "बाबा रे, तोंडानं म्हणावं लागतं." तर हा म्हणतो, "मान हलवली की." मागच्या बाकावरून नवरीच्या आईचा आवाज आला, "घ्या हो पुढे! यापेक्षा जास्त तो काही बोलायचा नाही." आणि लागलं लग्न.

जन्मभर त्यानं सरकारी बर्फगाडी चालवली. लेक सुपीरियर या अमेरिकेतल्या समुद्राएवढ्या तळ्यावरून वादळ आलं की सगळं गाव घरात, आणि हा एकटा रस्त्यावर, पुढे लोखंडी फाळ लावून बर्फ बाजूला लोटत चाललेला. एकदा गाडी खड्ड्यात गेली आणि हा रात्रभर आत अडकून पडला. सकाळी लोकांनी खणून बाहेर काढलं, कोणी तोंडाशी ब्रँडी धरली, कोणी पाठ चोळली. रेइनो काय म्हणाला? "बर्फ आहे." बस्स.

पण घराचं दार लागलं की हाच माणूस बोलायचा, हे फक्त सायमाला ठाऊक. सायमा म्हणजे त्याची बायको. दोघं घरात आईबापांची भाषा बोलायची, फिनिश. इंग्रजी बाहेरच्या कामापुरती, बुटांसारखी, उंबऱ्याशी काढून ठेवायची. सकाळी रेइनो आधी उठायचा, चुलीवर कॉफी चढवायचा आणि जिन्याखालून हाक मारायचा, "चल गं, कॉफी झाली." मग वेलदोड्याच्या गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवून दोघं बोलत बसायची. काय बोलायची कोण जाणे. शेजारच्या अर्लीननं एकदा खिडकीतून रेइनोला खदखदून हसताना पाहिलं आणि तिनं ही बातमी चर्चमध्ये सगळ्यांना सांगितली. कोणाचा विश्वास बसला नाही.

सायमाचं शेवटचं वर्ष शहरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या इस्पितळात गेलं. डोक्यात रक्ताची गाठ झाली आणि तिची इंग्रजी पुसून गेली, सगळीच्या सगळी. राहिली ती आईची भाषा. तिथल्या पोरी चांगल्या होत्या, पण त्यांना वाटलं बाई बरळते. त्या तिला तान्ह्या बाळासारखं चुचकारायच्या, भात भरवायच्या, आणि ती बिचारी स्वच्छ शब्दांत सांगत असायची की मला भात आवडत नाही, खिडकी उघडा. रेइनो रोज जाऊन बसायचा. त्याला सगळं कळत होतं. पण डॉक्टरांसमोर उभं राहून चार वाक्यं बोलायची, हे त्याला जमेना. उद्या सांगू, परवा सांगू करता करता बरेच दिवस गेले. शेवटी एकदा त्यानं सांगितलं, तेव्हा त्या पोरी रडल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. पण मधले ते दिवस गेलेच की हो वाया.

सायमा गेल्यावर गावात फिनिश बोलणारं कोणी उरलं नाही. म्हातारे संपले, तरुणांना शिव्या आणि जेवणातले शब्द तेवढे येतात. मुलगा ॲरिझोनात, रविवारी फोन करतो, "डॅड, कसे आहात?" "बरा आहे." "बर्फ आहे का?" "आहे." फोन संपला.

अर्लीननंच त्याला शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात नेलं. गावाबाहेर पाइनच्या झाडीत ते केंद्र आहे. गाडीची धडक बसलेली घुबडं, शिसं पोटात गेलेले गरुड, तारेत अडकलेले ससाणे असले पेशंट तिथे येतात. अर्लीन तिथल्या स्वयंपाकघराची मुखत्यार. स्वयंपाक कसला म्हणा, गोठवलेले उंदीर आणि लावे वितळवून कापायचे. ती रेइनोच्या शाळेतली, तिची जीभ एका जागी थांबायची नाही. म्हणाली, "घरात भिंतींकडे बघत बसतोस त्यापेक्षा इथे विष्ठा तरी साफ कर. आणि तुझ्यासारख्याला ही जागा स्वर्ग आहे बघ. इथं बोलायला बंदी आहे."

खरंच होती. पेशंटच्या खोल्यांच्या दारावर ठळक पाटीच होती: बोलू नका. रानातल्या पक्ष्याला माणसाच्या आवाजाची सवय लागली, तर सुटल्यावर तो माणसाला भीत नाही, आणि जो माणसाला भीत नाही तो फार दिवस जगत नाही. म्हणून पेशंटला नाव द्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. जे पक्षी कायमचे अधू झाले, परत रानात जाणारच नाहीत, त्यांना तेवढं नाव मिळे. तशी एक घुबडीण होती, मिल्ड्रेड. एका पंखाची. तिला शाळाशाळांतून मुलांना दाखवायला नेत. तिच्याशी हवं तेवढं बोला. पण तिच्याशी सगळेच बोलायचे, आणि इंग्रजीतच. रेइनोला तिच्याशी बोलायचं काही सुचत नसे.

केंद्राच्या मुख्य डॉक्टर प्रुडॉमबाई. चाळिशीतल्या, कॅनडाच्या सीमेवरच्या, कामाला वाघ. पक्षी ओळखण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. आणि ओळखायचं काम सोपं नसतं बरं. एकदा एक बाई कपड्यांच्या टोपलीत टॉवेलखाली 'गरुडाचं पिल्लू' घेऊन आल्या, पाचपन्नास मैल गाडी हाकत. टॉवेल काढला तर शेजाऱ्याचा कोंबडा. डॉक्टर हसल्या नाहीत. गंभीरपणे म्हणाल्या, "तब्येत उत्तम आहे. याला सकाळी लवकर उठायची सवय असेल, तेवढं सांभाळा."

तर त्या हिवाळ्यात, नाताळच्या आधी, बंदरावरून फोन आला. तिथे धान्याची उंच कोठारं आहेत, सांडलेल्या गव्हावर कबुतरं जमतात. कबुतरामागे लागलेला कुठला तरी मोठा पक्षी तारेवर आदळून बर्फात पडला होता. रेइनो खोका आणि घोंगडी घेऊन गेला.

पक्षी कोठाराच्या भिंतीशी पाठ लावून बसला होता, एक पंख लोंबता. डोमकावळ्याहून मोठा. पाठ तपकिरी, छातीवर गडद रेघा, पाय निळसर राखाडी. रेइनो जवळ गेला तसा तो पळाला नाही, उलट अंगावरच आला. घोंगडी फाडली, आणि जाड कातडी हातमोज्यातून नख आरपार रेइनोच्या तळहातात घातलं. त्यानं रक्त बर्फाला पुसलं आणि मनात म्हणाला, हा पक्षी मी या गावात पाहिलेला नाही.

केंद्रात टेबलावर ठेवल्यावर सगळ्यांनी मान वाकडी करून बघितलं.

"हा गॉसहॉक आहे, बाज," अर्लीन म्हणाली.

"डोळे बघ, काळेभोर आहेत, बाजाचे पिवळे असतात. हा ससाणा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मादी आहे. पहिल्याच हिवाळ्यातली पोर आहे."

"मग बहिरी ससाणा."

"बहिरी एवढा दांडगा नसतो. आणि बसल्यावर त्याचे पंख शेपटीच्या टोकाला पोचतात. हिची शेपटी बघ किती बाहेर राहिलीय."

"मग काय ते तुम्हीच सांगा बाई. मला फक्त एवढं कळतं की ही रोज एक अख्खा लावा खाणार."

डॉक्टरांनी शेपूट वितीनं मोजली. मग हळूच म्हणाल्या, "जरफाल्कन असावी. ध्रुवाकडची. जगातला सगळ्यात मोठा ससाणा. मी आजवर हातात घेतलेला नाही." आणि लगेच कपाळाला आठी. "पण गालावरचा काळा पट्टा जरा जास्तच ठळक आहे. बहिरीसारखा."

त्या पट्ट्यानं सगळा घोळ घातला. ससाणे पाळून शिकार करणारे शौकीन असतात, ते जरफाल्कन आणि बहिरी यांचा संकर करवतात. तसला एखादा पक्षी मालकाच्या हातून निसटला की तो असाच दिसतो, थोडा याच्यासारखा, थोडा त्याच्यासारखा. पाळीव पक्ष्याच्या पायात कडं असतं, हिच्या पायात नव्हतं. पण कडं तुटूनही पडतं. डॉक्टरांनी पीस तपासायला पाठवलं. उत्तर आलं: आईकडून जरफाल्कनच. बापाचं सांगता येत नाही. म्हणजे जिथे होतो तिथेच. आणि रानातली असेल तर बरी झाल्यावर सोडायची, संकर असेल तर सोडायला कायद्यानं बंदी.

ओळखीचं राहू द्या, ती आधी जगायला हवी होती. ती खाईना. चिमट्यानं पुढे केलेलं मांस तिच्या लेखी नव्हतंच. कोणी दार उघडलं की भिंतीवर धडका घ्यायची, खांद्याचं तडकलेलं हाड पुन्हा दुखवून घ्यायची. डॉक्टरांनी ठरवलं की रोज एकाच माणसानं जायचं, सगळ्यात शांत माणसानं. सगळ्यात शांत कोण, यावर मतदान घ्यायची गरज नव्हती.

रेइनो जायचा, मांस ठेवायचा, पाठ करून उभा राहायचा. तिला हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही. ती रोडावत चालली. डॉक्टर म्हणाल्या, उद्यापासून नळीनं भरवावं लागेल, आणि त्या झटापटीत हाड काही जुळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत गेला. खोलीत कोवळं ऊन तिरपं आलं होतं. ती फळीवर पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली होती. रेइनोनं लाव्याचा तुकडा ताटलीत ठेवला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "चल गं, कॉफी झाली."

ठरवून नाही हो. वर्षानुवर्षं सकाळी याच वेळी निघणारं वाक्य, ते निघालं. शब्द बाहेर पडताच त्यानं झटकन पाठ फिरवली. पाटी त्याच्या डोळ्यांसमोर होती. पण मागे खट् असा आवाज झाला. त्यानं हळूच मान वळवली. ती ताटलीपाशी उतरली होती आणि खात होती.

आता ती भुकेनं उतरली की वाक्यानं, हे देवच जाणे. भुकेनंच असेल. पण रेइनोची छाती कशी होणार दुसऱ्या दिवशी गप्प राहायची? त्यानं पुन्हा तेच म्हटलं. ती पुन्हा उतरली. मग रोजचंच झालं. एका वाक्याची दोन झाली. आज बर्फ कसला पडलाय सांगू. आज अर्लीननं चष्मा उंदरांच्या डब्यात टाकला आणि तासभर शोधत होती. मुलाचा फोन आला, तिकडे म्हणे आंबट लिंबं लागलीत अंगणात. असं दबक्या आवाजात, सायमाच्या भाषेत. ती डोकं कलतं करून ऐकायची, ते दोन काळेभोर डोळे त्याच्यावर रोखून. बाहेर आल्यावर तो परत पूर्वीचाच रेइनो.

"तुला झालंय काय?" अर्लीननं एकदा विचारलंच. "चेहऱ्यावर तकाकी आलीय. कोणी बाई भेटली की काय चर्चमध्ये?"

"नाही."

"एवढं मोठं उत्तर देऊ नकोस, दम लागेल."

हाड जुळत आलं तेव्हा डॉक्टरांनी लायल नावाच्या माणसाला बोलावलं. ससाणे पाळण्यात त्याची हयात गेलेली. संकर म्हणजे काय ते ओळखेल तर हाच. दोघं खोलीत पडद्याआड उभी राहून फटीतून बघत होती. लायल डॉक्टरांच्या कानाशी कुजबुजला, बांधा जरफाल्कनचा, पट्टा बहिरीचा, माझं मन होत नाही एका बाजूला कौल द्यायला. वागणूक बघायला हवी.

त्याच वेळी बाहेरच्या बोळातून रेइनो बादली घेऊन येत होता. बादली दाराच्या चौकटीला आपटली, गुडघ्यावर लागली, आणि त्याच्या तोंडून आईच्या भाषेतली एक कडकडीत शिवी गेली.

आत ती ससाणी एकदम ताठ झाली. मग मान खाली घालून, पंख थरथरवत, आईकडे घास मागणाऱ्या पिल्लासारखी चीं चीं करत फळीवरून दाराकडे सरकली.

बाहेर आल्यावर लायलनं मांडीवर थाप मारली. "ऐकलंत डॉक्टर? संपलं! रानातला पक्षी माणसाचा आवाज ऐकून भिंतीवर आपटतो. ही घास मागतेय. अंड्यातून बाहेर पडल्यापासून माणसाच्या हातावर वाढलेली आहे ही. कोणाची तरी पाळीव, म्हणजे संकर."

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. इतक्या दिवसांचा प्रश्न सुटला होता.

स्वयंपाकघरात कॉफीवर निकाल जाहीर झाला. लायलकडे जागा नव्हती. मालकाचा पत्ता लागेपर्यंत, आणि नाही लागला तर कायमची, ती इथेच राहणार. डॉक्टर रेइनोकडे वळून म्हणाल्या, "रेइनो, तुमच्या हातून खाल्लं तिनं. तुम्हीच तिचे सांभाळणारे व्हा. हातावर घ्यायला शिकवते मी. आणि आता बोलायला हरकत नाही बरं का तिच्याशी."

"नाव काय ठेवायचं?" अर्लीन म्हणाली. "मी म्हणते डॉली."

"तिच्यात डॉलीसारखं काय आहे?" लायलनं विचारलं.

"माझ्या नणंदेचं नाव आहे. तीही अशीच मांस बघून येते."

सगळे हसले. रेइनो हातातल्या कपाकडे बघत होता. त्याला हवं ते सगळं डॉक्टरांनी एका वाक्यात त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं. रोज सकाळी कोणाला तरी हाक मारायची, उघडपणे, आपल्या भाषेत. आणि ते कोणी तरी मान कलती करून ऐकणार. मरेपर्यंत. त्याच्या किंवा तिच्या.

जाता जाता डॉक्टर लायलला म्हणाल्या, "संकर निघाली ते एका परीनं बरंच झालं. अस्सल ध्रुवाकडची असती तर मला धडकीच भरली असती. त्यांची फुप्फुसं कोरड्या थंडीची. आपल्याकडचा उन्हाळा दमट, हवेत बुरशी. कोंडून ठेवलेली जरफाल्कन उन्हाळ्यात टिकत नाही सहसा."

रेइनोनं ते ऐकलं.

तो शनिवार होता. घरी जाऊन त्यानं सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची खोली, तापवली, दगडांवर पाणी ओतलं, वाफेत बसून राहिला. पूर्वी वरच्या फळीवर सायमा असायची, म्हणायची, अजून एक डाव ओत, घाबरतोस काय. आता वरची फळी कोरडी होती. त्याच्या तळहातावर नखाचा वण होता. कोठाराच्या भिंतीशी त्यानं जी पाहिली होती, ती कोणाच्या हातावर वाढलेली नव्हती. तिला हातावर वाढलेली त्यानं केली होती, आणि आता तेच बघून शहाणीसुरती माणसं तिला दुसरंच काहीतरी समजत होती. जसं सायमाला समजली होती. ती स्वच्छ बोलत होती आणि लोक म्हणत होते बरळते. आणि खरं काय ते ठाऊक असलेला माणूस खुर्चीत गप्प.

सोमवारी तो केंद्रात गेला, टोपी काढून डॉक्टरांच्या टेबलासमोर उभा राहिला. अर्लीन हातात सुरी घेऊन दारात आली. रेइनो आपण होऊन कोणासमोर उभा राहिलाय, हे तिला बघायचं होतं.

"ती पाळीव नाही," रेइनो म्हणाला.

"कशावरून?"

"मी बोलत होतो."

"कोणाशी?"

"तिच्याशी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "एखाद वेळी?"

"रोज."

"तू?" अर्लीन ओरडली. "माझ्याशी सातवीपासून चार वाक्यं बोलला नाहीस, आणि त्या पाखराशी रोज? काय बोलत होतास?"

"असंच. तुझा चष्मा उंदरांच्या डब्यात सापडला ते."

अर्लीनची सुरी खाली आली. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा टेबलावर आपटला. "रेइनो, दारावर पाटी कशासाठी आहे? मी पुस्तकं पालथी घालतेय, पिसं पाठवतेय, लोकांना लांबून बोलावतेय, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत... परवा मी तिला जन्मठेप दिली हो! तुमच्या बोलण्यावरून!"

"म्हणून आलो," रेइनो म्हणाला. मग त्यानं बंदरावरचं सगळं सांगितलं. ती अंगावर कशी आली, घोंगडी कशी फाडली, ते वाक्य कसं निघालं आणि ती कशी उतरली. अर्लीन नंतर गावभर सांगत होती की रेइनो सलग बोलला, मध्ये पाणीसुद्धा न पिता.

डॉक्टरांनी खात्री करायची ठरवली. आधी त्या स्वतः पडद्याआडून बोलल्या. आत ती फिस्कारली आणि भिंतीवर आपटली. अर्लीन बोलली, तिनं तर पाढेच म्हटले. तेच. वरून पिसं गळून पडली. मग रेइनो इंग्रजीत म्हणाला, "हॅलो." ती साशंक, ताठ. मग त्यानं हलकेच म्हटलं, "चल गं, कॉफी झाली."

ती मान खाली घालून चीं चीं करत सरकली.

"ही माणसाळलेली नाही बाई," अर्लीन म्हणाली. "ही रेइनाळलेली आहे."

डॉक्टरांनी कपाळावर हात ठेवला, पण यावेळी ओठांची कड हलली. मग सरळ होऊन म्हणाल्या, "पाळीव असती तर कुठल्याही माणसाला आली असती. ही रानातली आहे. अस्सल जरफाल्कन." त्यांनी पडदा नीट ओढून घेतला. "पण आता आहे अशी सोडता येणार नाही. तुमचा आवाज तिच्या डोक्यातून जायला हवा. सगळ्यात मागची लांब शेड, माणूस दिसणार नाही अशी. अन्न खिडकीतून घसरगुंडीनं. आणि रेइनो, तुम्ही त्या शेडच्या फाटकाच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. खोकायचं सुद्धा नाही तिकडे तोंड करून."

"बरं."

"आणि विसरली नाही, तर मग मात्र ती इथेच राहील. इलाज नाही."

त्यानं मान हलवली.

त्याला पुढच्या इमारतीत धुण्याचं काम मिळालं. पक्ष्यांचे टॉवेल धुवायचे, वाळवायचे, घड्या घालायच्या. खिडकीतून मागच्या शेडचं नुसतं छप्पर दिसायचं. वारा तिकडून असला की कधी तिचा आवाज यायचा, कर्कश, चीं चीं नव्हे. तो हातातला टॉवेल तसाच धरून ऐकायचा. सकाळी घरी कॉफी चढवायचा, आणि जिन्याखाली जाऊन उभा राहायचा, हाक न मारता. आवाज दोन मैलांवर जाणार नव्हता, हे त्याला कळत होतं. तरी नाही मारायचा. अर्लीन रोज डबा खाताना त्याच्यासमोर बसून बोलत राहायची, नणंदेचं, नातवंडांचं, गुडघ्याचं. तो ऐकायचा. चांगली बाई. पण त्याच्या भाषेत तिला 'वेलदोड्याचा पाव' तेवढं म्हणता यायचं, तेही चुकीचं.

मार्चच्या शेवटी, बंदरातलं बर्फ काळपट पडायला लागलं तेव्हा डॉक्टर धुण्याच्या खोलीत आल्या. "ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बाणासारखी उडतेय. आता तुमची परीक्षा. चला."

शेडच्या फळ्यांच्या भिंतीबाहेर दोघं उभी राहिली. डॉक्टर फटीला डोळा लावून होत्या. त्यांनी बोट वर केलं.

रेइनोच्या मनात त्या क्षणी काय होतं ते सांगणं सोपं नाही. ती वळली नाही तर सुटेल. वळली तर त्याची होईल. इतके दिवस त्यानं देवाकडे एकच मागितलं होतं, आणि आता ओठ उघडताना दुसरंच मागावंसं वाटत होतं. त्यानं घसा साफ केला. हळू म्हटलं असतं, तर ऐकू गेलं नाही अशी पळवाट राहिली असती. त्यानं हळू म्हटलं नाही. जिन्याखालून वर ऐकू जाईल अशा आवाजात, जसं सायमाला म्हणायचा तसं, म्हणाला, "चल गं, कॉफी झाली!"

आत पंखांचा मोठा फडफडाट झाला. मग सगळ्यात लांबच्या टोकावरून तिचा संतापलेला आवाज.

डॉक्टर फटीपासून मागे झाल्या. "पळाली. शेवटच्या भिंतीला जाऊन चिकटलीय." त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "पास झाली, रेइनो."

"बरं," तो म्हणाला.

त्याच दुपारी तिला बंदरावर नेलं. गाडी रेइनोनंच चालवली, मागे खोका, शेजारी डॉक्टर. गोठलेल्या पाण्यावर, कोठारांपासून दूर, त्यांनी खोका ठेवला. "तुम्ही उघडा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आता काही बोलायचं असेल तर बोला. आता बिघडत नाही."

रेइनोनं मान हलवून नाही म्हटलं आणि झाकण उचललं.

ती खोक्याच्या काठावर आली. एकदा त्याच्याकडे बघितलं, म्हणजे जसं दगडाकडे बघतात तसं. मग उठली आणि बर्फाला जवळजवळ घासत उत्तरेकडे निघाली. पंख मोठे, सावकाश, पण बघता बघता ती बंदराच्या दिव्यापलीकडे गेली, मग एक ठिपका झाली, मग ठिपकाही दिसेना. दोघं तरी बघत राहिली. वारा तोंडावर येत होता.

"काय म्हणायचात तिला?" डॉक्टरांनी विचारलं. "ते वाक्य. अर्थ काय त्याचा?"

रेइनो गाडीपाशी गेला. सीटखालून थर्मास काढला. झाकणात ओतली, आणि रोजच्या सवयीनं आणलेला दुसराही कप भरला. वाफ वाऱ्यानं लगेच उडून गेली. मग वळून त्यानं हाक मारली.

"डॉक्टर, चला. कॉफी झाली."

इंग्रजीत.